आवक होती, जावक नव्हती

पस्तीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयाच्या बारनिशीत काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का, आवक क्रमांक आणि नोंदवहीत एक ओळ. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक. साहेबांनी एखादं पत्र मागावं आणि ते कोणाच्या टेबलावर आहे हे मी वही न उघडता सांगावं, इतकी त्या कामात मुरले होते. त्याच पस्तीस वर्षांत डोंबिवलीतल्या माझ्या वन बीएचके घरात वस्तू नुसत्या येत राहिल्या. शेवटी हॉलमध्ये दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दीड फुटाची पायवाट उरली. शेगडीचा एकच बर्नर पेटवता यायचा, कारण दुसऱ्यावर डबे रचलेले. पलंगाच्या एका कडेला मी निजायची, बाकीच्या पलंगावर पिशव्या.

2022च्या एप्रिलमध्ये रात्री पाणी प्यायला उठले, वर्तमानपत्रांची चळत घसरली आणि माझं मनगट मोडलं. हाताला प्लास्टर घालून ताईकडे राहायला गेले, तेव्हा पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं. जूनमध्ये ताई मला ठाण्याला एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे घेऊन गेली. माझ्या आजाराला नाव आहे हे मला वयाच्या 55व्या वर्षी कळलं. होर्डिंग डिसऑर्डर. होर्डिंग म्हटलं की आपल्याला रस्त्यावरचे जाहिरातफलक आठवतात. हा शब्द वेगळा, साठवून ठेवणं या अर्थाचा. मराठीत संचयविकार म्हणता येईल. पुढे लिहिते आहे ते त्यानंतरच्या काळात उमगलेलं. ज्यांच्या घराचं दार असंच अर्धवट उघडतं त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी, भावंडांसाठी.

1. काटकसर वेगळी, हे वेगळं

आमच्या आईनं आयुष्यभर दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळवल्या. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर वाण्याचा हिशेब लिहिला. फाटक्या परकराचं पायपुसणं केलं आणि पायपुसणं विरलं की त्याची चिंधी स्टोव्ह पुसायला घेतली. तिला कोणी आजारी म्हणणार नाही, आणि ती नव्हतीच. तिच्या पिशव्या महिनाअखेर रद्दीवाल्याकडे जायच्या. जुनी लुगडी बोहारणीच्या पाटीत जायची आणि पातेलं घरात यायचं.

मी आईसारखंच सगळं करत होते, फक्त शेवटचं पाऊल माझ्याकडून पडत नव्हतं. पिशवी धुवायची, वाळवायची, घडी घालायची आणि ठेवायची. पुढे काही नाही. बोहारीण दारात यायची, मी साड्या काढायची, एकेक हातात घेऊन परत कपाटात ठेवायची आणि तिला म्हणायची, पुढच्या वेळी ये.

मॅडमनी पहिल्या भेटीत तीनच गोष्टी विचारल्या. वस्तू टाकायची वेळ आली की जीव कासावीस होतो का? खोली ज्या कामासाठी आहे त्या कामाला ती वापरता येते का? यातून तुम्हाला किंवा घरच्यांना त्रास होतो का, धोका आहे का? वस्तू महागाची की कवडीमोलाची, हे त्यांनी विचारलंच नाही. निदानात त्याला महत्त्व नसतं.

मी म्हणाले, काही लोक छंद म्हणूनही जमवतात. त्यावर त्या म्हणाल्या, छंदवाल्याला आपली वस्तू दाखवायची असते. ते ऐकून मला पुण्याचं केळकर संग्रहालय आठवलं. शाळेच्या सहलीत पाहिलं होतं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वाद्यं, कोरीव दरवाजे अशा वीस हजारांहून जास्त वस्तू जमवल्या, लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं संग्रहालय उभं केलं आणि 1975 साली ते शासनाला दिलं. त्यामागेही दुःखच होतं. पण त्यांच्या दुःखातून लोकांना बघता येईल असं काही उभं राहिलं. माझ्या वस्तू मला लपवायच्या होत्या आणि त्यातल्या निम्म्या कुठे आहेत हेही मला माहीत नव्हतं.

2013 पर्यंत डॉक्टरही या त्रासाला बहुतेक ओसीडीचंच, म्हणजे मंत्रचळाचंच, एक रूप समजत. त्या वर्षी अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं आपल्या निदानपुस्तिकेत याला स्वतंत्र आजाराची जागा दिली. 2022पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या वर्गीकरणातही तो आहे. हे वाचून मला रडू आलं होतं. मी आळशी नव्हते, घाणेरडी नव्हते.

2. गरिबीवर सगळं ढकलता येत नाही

माझी समजूत पक्की होती की हे संपामुळे झालं. आम्ही लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण. बाबा गिरणीत साचा खात्यात. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढच्या दीड वर्षात घरातली तांब्या-पितळेची भांडी एकेक करून गेली. आईचं मंगळसूत्र गेलं. बाबा पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. ज्या मुलीनं हे पाहिलं ती मोठेपणी काही टाकू शकली नाही तर नवल काय, असं मी स्वतःला सांगत आले होते आणि त्यात मला एक प्रकारचा आधार वाटायचा.

मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारी बसलेल्या ताईकडे बघून विचारलं, "तुमचं घर कसं आहे?" ताईचं घर लख्ख. तिच्या ओट्यावर चहाचा डबा आणि साखरेचा डबा, बस्स. एकाच खोलीत, एकाच चुलीवर वाढलेल्या दोघी.

त्यांनी समजावलं ते असं. ज्या लोकांना हा विकार आहे ते इतरांपेक्षा जास्त गरिबीत वाढलेले असतात, असं अभ्यासांत दिसत नाही. दिसतं ते असं की हा विकार कुटुंबात चालत येतो, बऱ्याच जणांत त्याची सुरुवात अकरा ते पंधरा या वयात होते, तो हळूहळू वाढत जातो, आणि मृत्यू, ताटातूट असा एखादा घाव बसला की उसळी घेतो. मग मला आजी आठवली, बाबांची आई. गावाकडे तिच्या खोलीत कोणाला पाय ठेवू द्यायची नाही. आणि आठवलं, संपाच्या दोन वर्षं आधीच मी वापरलेली बसची तिकिटं खाऊच्या डब्यात साठवायची आणि आईनं डबा हलवला तरी रडायची.

घाव बसला तो 2013 साली, हे गेले तेव्हा. ह्यांच्या हयातीत घर भरलेलं होतं, पण चालण्याजोगं होतं. ह्यांच्या शेवटच्या आजारपणातली औषधांची रिकामी पाकिटंसुद्धा मी ठेवली. त्यानंतर घर माझ्या हातात राहिलं नाही.

3. एखादा कागद खरंच कामाला येतो, आणि घात तिथेच होतो

आमच्या घरी एकच शब्द चालायचा. लागेल. कधीतरी लागेल. या शब्दाला उत्तर देणं कठीण आहे, कारण तो शंभरात एकदा खरा ठरतो.

माझ्या बाबतीत तो ठरला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा गिरणीत काम केल्याचा पुरावा मागत होते. चाळीतल्या कितीतरी घरांत काही उरलं नव्हतं. माणूस गेला, कार्ड गेलं, बिल्ला गेला. मी दोन रात्री जागून गठ्ठे उपसले आणि बाबांचं ईएसआयचं कार्ड काढलं. सगळे म्हणाले, हिनं जपलं म्हणून सापडलं. 2012 साली म्हाडानं सोडत काढली. आमचं नाव लागलं नाही, अजूनही लागलेलं नाही. पण त्या कार्डानं मला पुढची दहा वर्षं पुरेल एवढी परवानगी दिली. त्यानंतर मी विजेचं एक बिलही टाकलं नाही.

मॅडमनी विचारलं, "काकू, ते कार्ड सापडायला दोन रात्री का लागल्या?" मी गप्प झाले. जपलं होतं तर ते एका जागी असायला हवं होतं. ते पंधरा वर्षांच्या वाणसामानाच्या याद्यांखाली होतं. आणखी एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली असती तर त्याचा लगदा झाला असता. सगळंच ठेवलं की महत्त्वाचं काय ते त्यातच बुडतं, हे मला बारनिशीत रोज दिसत होतं. घरी दिसत नव्हतं.

4. पाठीमागे घर रिकामं करू नका

हा मुद्दा मी मुलांसाठी लिहिते आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

2017 च्या गणपतीत मी सासरच्या गावी, राजापूरकडे गेले होते. आठ दिवसांनी परतले. दार उघडलं आणि मला वाटलं मजला चुकला. फरशी दिसत होती. माझा मुलगा पुण्याहून रजा काढून आला होता, दोन मित्र आणि भंगारवाल्याचे दोन टेम्पो लावून त्यानं घर मोकळं केलं होतं. भिंतीला रंगाचा एक हातसुद्धा दिला होता. "आई, बघ," म्हणाला. त्याच्या डोळ्यांत इतका आनंद होता.

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला घेरी आली. त्यानं मला पाणी दिलं, आणि मी विचारलं, ह्यांचा राखाडी स्वेटर कुठे आहे. त्याला आठवत नव्हतं. कुठल्या तरी गोणीत गेला असेल म्हणाला. त्या रात्री तो झोपल्यावर मी बॅटरी घेऊन सोसायटीच्या कचऱ्यापाशी गेले आणि हातांनी उकरत राहिले. पुढचे चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. फोन वाजायचा, मी बघत बसायची.

आणि घर? चौदा महिन्यांत पुन्हा भरलं, आधीपेक्षा दाट. आता मी जुनी पुस्तकं, शेजाऱ्यांनी जिन्यात ठेवलेली खोकी, ऑफिसात टाकून दिलेल्या फायलींची पुठ्ठ्याची आवरणंही आणू लागले होते. आणि कुलपाची दुसरी किल्ली मी मुलाकडून परत घेतली.

त्यानं प्रेमानंच केलं. घरी मैत्रिणीला आणायची लाज वाटते, हे त्याला वर्षानुवर्षं सांगता आलं नव्हतं, हे मला नंतर कळलं. पण दुसऱ्यानं घर रिकामं केलं की रोग तसाच राहतो, फक्त माणसाचा विश्वास जातो. टाकायचं की ठेवायचं हे ठरवण्याची ताकद ज्याच्यात कमी आहे, त्याच्या हातून ते ठरवण्याची संधीच काढून घेतली जाते. पाय मोडलेल्याला उचलून फिरवावं तसं ते आहे. फिरून झालं तरी पायात बळ येत नाही.

भीती घालूनही भागत नाही. नंतर मुलानं मला न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची गोष्ट पाठवली. 1947 साली हार्लेममधल्या घरात, शंभर टनांहून जास्त सामानात, दोघे भाऊ मेलेले सापडले. धाकटा ढिगाऱ्याखाली दबला आणि त्याच्यावर अवलंबून असलेला आंधळा थोरला भुकेनं गेला. मी ते वाचलं, रात्रभर जागी राहिले आणि सकाळी दाराला आतून आणखी एक कडी लावून घेतली.

5. दार

लाजेबद्दल थोडंच लिहिते, कारण ती ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावं लागत नाही. संक्रांतीला मी नऊ वर्षं हळदीकुंकू केलं नाही. वाण घेऊन मीच सगळ्यांच्या दारी जायची, म्हणजे कोणी माझ्याकडे येणार नाही. खालच्या मजल्यावर छताला ओल आली तेव्हा सोसायटीनं प्लंबर पाठवला, आणि मी तीनदा घरी नसल्याचं भासवलं. आत श्वास रोखून उभी होते. बेल वाजत होती.

या आजाराचे रुग्ण डॉक्टरांपर्यंत पन्नाशीनंतर पोचतात, तोवर तीस-पस्तीस वर्षं गेलेली असतात, याचं मोठं कारण ही बेल आहे.

6. पहिले दोन महिने काहीच टाकलं नाही

थेरपी म्हणजे पहिल्याच दिवशी पिशव्या भरायला लावतील असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मी दुसऱ्यांदा गेले नसते.

आधी त्यांनी मला छायाचित्रं दाखवली. बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, प्रत्येकीची नऊ. पहिल्यात खोली मोकळी, नवव्यात छतापर्यंत भरलेली. आपलं घर कुठल्या चित्रासारखं दिसतं त्यावर बोट ठेवायचं. चार किंवा त्यापुढचं चित्र म्हणजे मदत घ्यायला हवी. मी हॉलसाठी तीनवर बोट ठेवलं. मग ताईनं मोबाईलवरचा फोटो पुढे केला. सहा होतं. मी खोटं बोलले नव्हते, मला ते खरंच तीनसारखं दिसत होतं. रोजच्या डोळ्यांना ढीग दिसेनासा होतो.

ही पद्धत म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, सीबीटी. या विकारासाठी तिला खास आकार दिला तो मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि समाजकार्याच्या प्राध्यापक गेल स्टेकेटी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी. त्यांच्या अभ्यासात 26 सत्रं होती. माझं दीड वर्ष चाललं. काही भेटी दवाखान्यात, काही माझ्या घरी, कारण दवाखान्यातल्या खुर्चीवर बसून कोणाचंही घर आवरत नाही.

सुरुवातीचे आठवडे एकाच प्रश्नात गेले. घर मोकळं झालं तर तुम्हाला काय करायचं आहे? मी खूप वेळ उत्तर शोधत होते. त्याच वर्षी नात झाली होती. मुलगा तिला घेऊन डोंबिवलीला आला की ते ताईकडे उतरायचे. शेवटी मी म्हणाले, तिला माझ्या फरशीवर ठेवायचं आहे. मॅडमनी ते कार्डावर लिहून मला दिलं. पुढे हात थांबला की मी ते कार्ड वाचायची.

याच टप्प्यावर त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. हे गेल्यापासून मला नैराश्य होतं आणि ते कोणी हेरलं नव्हतं, मीही नाही. या विकाराबरोबर नैराश्य बऱ्याच जणांना असतं. साठवण थांबवणारी खास अशी गोळी नाही, पण नैराश्याच्या गोळ्यांनी मला सकाळी उठून एक खण उघडण्याचं त्राण दिलं. त्याशिवाय पुढचं काही झालं नसतं.

7. ड वर्ग

सरकारी दप्तरात प्रत्येक फाईलचा वर्ग ठरतो. अ वर्गाची कायम राहते, ब वर्गाची तीस वर्षं, क वर्गाची त्याहून कमी, आणि ड वर्गाचा कागद वर्षभरानं नष्ट करायचा. त्याला निंदणीकरण म्हणतात, शेतातलं तण काढतात तसं. मी हे काम वर्षानुवर्षं केलं, एका दुपारी तीनतीनशे कागदांचं. हात थरथरला नाही.

हे मी सहज बोलता बोलता सांगितलं आणि मॅडम पुढे सरकून बसल्या. मग त्यांनी मला 2012 सालच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. डेव्हिड टोलिन या मानसशास्त्रज्ञानं संचयविकाराच्या रुग्णांना मेंदूचं स्कॅन करणाऱ्या यंत्रात ठेवून कागद दाखवले, काही त्यांचे स्वतःचे, काही परक्याचे, आणि प्रत्येकाचं काय करायचं ते विचारलं. परक्याच्या कागदाच्या वेळी मेंदूतले काही भाग इतर माणसांपेक्षाही थंड होते. स्वतःचा कागद आला की तेच भाग भडकून उठले, आणि ते भाग कोणते, तर समोरची गोष्ट किती महत्त्वाची आहे याचा इशारा देणारे. म्हणजे वाणसामानाची यादी हातात घेतली की माझा मेंदू अ वर्गाचा शिक्का मारत होता. प्रत्येक कागदावर.

तिथून आम्ही माझ्याच भाषेत काम सुरू केलं. चार खोकी, अ ब क ड. नियम एकच, वस्तू हातात घेतली की खोक्यात ठेवल्याशिवाय हात रिकामा करायचा नाही. आधी मी एक कागद घ्यायची, वाचायची, शेजारच्या ढिगावर ठेवायची आणि दुसरा घ्यायची. तीन तासांनंतर ढीग तेवढाच, फक्त जागा बदललेली.

पहिला ड कागद होता 2009 सालची दळणाची चिठ्ठी. टाकण्याआधी मॅडमनी लिहायला लावलं की टाकल्यावर काय होईल असं वाटतं आणि शंभरात किती त्रास होतो आहे. मी लिहिलं, "काहीतरी चुकेल, आठवडाभर झोप येणार नाही, 85." चिठ्ठी टाकली. दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. 85, 80, 80, 65. तासाभरानं 40. दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी कशाची होती हे आठवायला मला वही बघावी लागली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो आकडे लिहिले, पण एवढ्या लक्षपूर्वक एकही नाही. घाबरणं आपोआप उतरतं, त्यासाठी कागद परत उचलावा लागत नाही, हे कोणी सांगून मला पटलं नसतं. ते वहीत उतरताना बघावं लागलं.

सगळे आकडे असे उतरले नाहीत. ह्यांच्या हस्ताक्षरातली एक चिठ्ठी, "दूध आणतो", चुकून ड मध्ये टाकली होती. तिचा आकडा तीन दिवस 90 राहिला. ती आम्ही काढून अ मध्ये ठेवली. मॅडम म्हणाल्या, अ वर्ग रिकामा असावा असं कोणी म्हटलंय?

8. आवक

या विकाराच्या बहुतेक रुग्णांना वस्तू सोडणं जसं जमत नाही, तसं आणण्यावाचून राहवतही नाही. मी ऑफिसातून येताना लोकलमधून उतरले की फडके रोडनं चालत यायची आणि हातात काहीतरी असायचंच. एकावर एक मोफत मिळणारे डबे. प्रदर्शनातले दहा रुपयांचे चमचे. ही खरेदी मी दुःखावर करत होते, हे मला कळायला वही लागली. कुठल्या दिवशी काय आणलं ते लिहीत गेले आणि दिसलं की ह्यांच्या तिथीच्या आठवड्यात मी एकोणीस वस्तू आणल्या होत्या.

त्यावरचा सराव असा. आधी दुकानासमोरून नुसतं जायचं. मग आत जायचं. मग आवडलेली वस्तू हातात घ्यायची, पाच मिनिटं धरायची आणि जागेवर ठेवून बाहेर यायचं. दोनदा मॅडमबरोबर गेले, पुढे ताईबरोबर, मग एकटी. एकटीनं पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी एका स्टीलच्या डब्यासमोर वीस मिनिटं उभी होते. ठेवून बाहेर आले तेव्हा पाय गळून गेले होते.

फुकटच्या वस्तूंवर मात अजून व्हायची आहे. कोणी खोकं टाकताना दिसलं की छातीत धडधडतं.

9. गोधडी

आईच्या एकेचाळीस साड्या माझ्याकडे होत्या. ती 2011 साली गेली. गोधडी शिवायची म्हणून ठेवल्या होत्या. दिवाणातल्या पोकळीत, दोन ट्रंकांत आणि माळ्यावर. मी इतक्या ठामपणे सांगायची की ऐकणारा गप्प व्हायचा. आईच्या साडीची गोधडी, याला कोण नाही म्हणणार?

मॅडमनी विचारलं, "एका गोधडीला साड्या किती लागतात?"

चार. फार तर पाच.

"किती गोधड्या शिवायच्या आहेत?"

मी बोलले नाही. अकरा वर्षांत एक टाका घातला नव्हता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी साड्या साठवल्याच नव्हत्या. मी बेत साठवले होते. शिवणार असलेली गोधडी, वाचणार असलेली पुस्तकं, आकाशकंदिलासाठी ठेवलेले कागद. वस्तू दिली की मी ते करणारी बाई उरत नाही, असं वाटायचं. टाकाऊतून टिकाऊ करणारी, कशाचीही नासाडी न करणारी, आईसारखी. ते मान्य करणं साड्या देण्यापेक्षा जड गेलं, आणि त्या दिवशी मी ठाण्याहून लोकलमध्ये डोंबिवलीपर्यंत रडत आले.

पाच साड्या ठेवल्या. आठ ताई घेऊन गेली. बाकीच्या धुऊन, इस्त्री करून दिल्या. एक बाई गोधड्या शिवून देतात, त्यांच्याकडे त्या पाच घेऊन गेले आणि पहिल्यांदा कात्री लागताना समोर बसले. ती गोधडी नातीची आहे.

10. घरच्यांनी एवढं करावं

आधी सुरक्षितता बघावी. सगळं घर आवरायचा हट्ट धरू नये. दारापर्यंतची वाट, शेगडीच्या आजूबाजूची जागा, विजेची बटणं, रात्री बाथरूमला जायचा रस्ता, एवढं मोकळं करून मागावं. ते मागायला लाज वाटू नये आणि ऐकणाऱ्यालाही ते पेलतं.

कचरा, भंगार, पसारा हे शब्द तोंडातून काढू नयेत. माझा मुलगा आता "सामान" म्हणतो.

वस्तूला हात लावण्याआधी विचारावं. प्रत्येक वेळी. उत्तर नाही आलं तर तसंच ठेवावं.

डोकं धरून बसण्याआधी फोन करावा. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागातही जाता येतं. घर अचानक उतारवयात भरू लागलं असेल, त्यातही विसराळूपणा, वागण्यात बदल असेल, तर आधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवावं, कारण स्मृतिभ्रंशातही असं होतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

आणि मुदत घालू नये. सीबीटीनं बऱ्याच जणांत फरक पडतो, पण घर एकदम इतरांसारखं होणारे थोडेच. त्या नऊ चित्रांच्या हिशेबात माझा हॉल सहावरून दोनवर आला. झोपायची खोली तीनवर आहे. बाल्कनी पाच.

11. खालचा खण

2025 च्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. अकराजणी आल्या. त्यातल्या दोघी तीस वर्षांपासूनच्या शेजारी, कितीतरी वर्षांनी माझ्या घरात बसल्या. त्याच वर्षी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी आवक-जावकच्या वह्या नव्या मुलीच्या हातात दिल्या आणि एकही वही घरी आणली नाही.

कपाटाचा खालचा खण अजून उघडलेला नाही. त्यात ह्यांची चष्म्याची तीन घरं आहेत, दाढीचं सामान, रेल्वेचा शेवटचा पास आणि आणखी काय काय, मला नीट आठवत नाही. पुढच्या महिन्यात तो काढायचं ठरलं आहे. मुलगा पुण्याहून येणार आहे. त्यानं फोनवर विचारलं, "आई, मी काय करू तेव्हा?" मी म्हणाले, माझ्या शेजारी फरशीवर बस. खोकी मी आणून ठेवते.

"आणि हात?"

"हात मांडीवर ठेव. मी तुला एकेक दाखवीन."